आईच्या वतीनं

त्या वर्षी लातूर टँकरवर जगत होतं. जिल्हा होऊन चारेक वर्षं झालेली. पाऊस नव्हता, पण बांधकामं थांबली नव्हती. मी रक्तदाब तपासायला डॉक्टरांकडे गेलो होतो. तिथे पुढच्या पेशंटला आतल्याच बाकावर बसवत, त्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याला आपोआप कळे.

खुर्चीत बसम्मा होत्या. देवणीकडच्या, कानडीशिवाय दुसरं काही बोलता येत नव्हतं. ओठ भेगाळलेले. शेजारी मुलगा भीमाशंकर, भुसार मालाचा दुकानदार, माझ्या ओळखीचा. डॉक्टरांना कानडी येत नव्हती, म्हणून तो मधे बोलत होता. मला येत होती. सीमेवरच्या शाळेत मास्तर असताना पोरांनीच शिकवलेली.

काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. बसम्मा बराच वेळ बोलल्या. चक्कर येते, लघवीला आग होते, तीही थेंबभर. टँकरचं पाणी आधी नव्या घराच्या भिंतींवर मारतात. उरलेलं सून मोजून देते. मागायची लाज वाटते, म्हणून त्या मागतच नाहीत.

"वय झालं," भीमाशंकरनं डॉक्टरांना सांगितलं. "चक्कर येते म्हणते."

मग तो आणि डॉक्टर प्लॉटच्या गप्पांवर आले. कलेक्टर कचेरीच्या बाजूला भाव कुठं गेला, स्लॅब कधी पडणार. बसम्मा आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. आपल्याच दुखण्याचं चाललंय, असं त्यांना वाटत असावं. मला शिसारी आली. वर्गात एक पोरगं दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देऊ लागलं तर मी त्याला गप्प करायचो. या चाळिशीच्या माणसाला कोण गप्प करणार?

डॉक्टरांनी शेवटी जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली.

"अंग सुकलंय यांचं. सलाईन लावू."

"लावा की. दोन लावा," भीमाशंकर म्हणाला. "आईसाठी मागं-पुढं बघत न्हाई आपण."

कंपाउंडर बाटली टांगू लागला तशा बसम्मा खुर्चीत मागे सरकल्या. घाबरू नका, मी कानडीत म्हणालो. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं आणि बाटलीत काय आहे ते विचारलं. मीठ घातलेलं पाणी, मी सांगितलं. त्यावर त्या काही बोलल्या.

"सुईला भिते ती," भीमाशंकर घाईनं म्हणाला. "लावा तुम्ही."

"तसं नाही म्हणाल्या त्या," मी डॉक्टरांना सांगितलं. "पाणीच असेल तर तोंडानं द्या, म्हणाल्या." आणि आधीचंही सगळं सांगितलं, भिंतींसकट.

"गुरुजी, आमच्या घरात कशाला तोंड घालायलाव?"

डॉक्टरांनी बाटली काढायला लावली आणि माठातून तांब्या भरून मागवला. बसम्मांनी तांब्या हातात घेतला, पण आधी मुलाकडे पाहिलं. पाण्याआधी परवानगी.

त्या अर्धा तांब्या प्यायल्या, थांबल्या, उरलेलाही प्यायल्या. घरी एवढं पाणी रोज कोण देणार, असं डॉक्टरांनी विचारलं. मी कानडीत तो प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. पण त्यांनी उत्तर मला दिलं नाही. मुलाकडे वळून चार शब्द बोलल्या आणि डॉक्टरांकडे बोट केलं: सांग त्यांना.

भीमाशंकरनं माझ्याकडे पाहिलं. मी बाकावरून हललो नाही.

"घरी येत न्हाई म्हणते," तो हळूच म्हणाला. "उदगीरला पोरीकडं सोड म्हणते. आजच."