कडेला उभी माणसे

“हा खिळा कोणाचा, सतीशकाका?” श्रीहर्षने विचारले आणि सभेतले सगळे हसले.

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी मंडळाचे नवे संकेतस्थळ पडद्यावर झळकत होते. ‘प्रेरणादायी छायाचित्र-ब्लॉग’ असा मथळा, त्याखाली पाच सभासदांच्या ब्लॉगचे पाच चौकोन. चारांत ट्यूलिपची शेते, पवनचक्की, गणपतीची मिरवणूक आणि बर्फात हसणारी मुलगी. पाचव्यात पांढरी भिंत आणि तिच्या मधोमध एक खिळा.

“जोगळेकरांचा,” सतीश खरवंडीकर न हसता म्हणाले. “त्यावर सहा वर्षं घड्याळ होतं. जोगळेकर आणि त्यांची बायको डावीकडे दाराशी उभे आहेत. तुमच्या थीमने त्यांना कापलं.”

“ऑटोमॅटिक क्रॉप आहे काका, सेंटर घेतं. थांबा, फेसेसवर सेट करतो.” श्रीहर्षने कळ दाबली. भिंत गेली आणि दोन चेहऱ्यांनी चौकोन भरून टाकला. “बघा! आता कसं इन्स्पायरिंग वाटतं!”

“आता पासपोर्ट ऑफिस वाटतं.”

चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात सतीशरावांची वीस वर्षे गेली होती. केसाच्या शंभराव्या भागाइतकी चूक आढळली तरी ते भाग परत पाठवीत. शेजारच्या न्यूनेन गावातल्या त्यांच्या घरात त्यांच्याखेरीज कोणी नव्हते, आणि त्यांना दुसरा छंदही नव्हता. चौदा वर्षे ते एकच गोष्ट टिपत आले होते. नोकरी वा राहण्याचा परवाना संपून एखादे कुटुंब परत निघाले, की किल्ली देण्याच्या दिवशी ते त्या घरी जात. इथल्या रिवाजाप्रमाणे भाडेकरूने पडदेच काय, जमिनीवरचे लाकूडसुद्धा उपसून न्यायचे असते. उरते ते उघडे काँक्रीट. त्या रिकामपणात माणसांना त्यांच्या नेहमीच्या जागी उभे करून ते एकच छायाचित्र काढीत. खाली तीन ओळी लिहीत: नाव-गाव, किती वर्षे राहिले, कोणती वस्तू कोणाकडे गेली. अशा दोनशे बारा नोंदी मंडळाच्या जुन्या संकेतस्थळावर होत्या.

“आणि तो मजकूर कुठे गेला?” त्यांनी विचारले.

“आहे ना! फोटोवर बोट दाबून धरलं की येतो. मोबाइलवर एवढं कोण वाचतं, काका?”

“ज्याच्याकडे जाणाऱ्याचं इडलीपात्र आलं, तो वाचतो.”

मंडळाच्या अध्यक्षा नीलांबरीताई मध्ये पडल्या. “सतीशराव, मला पटतं हो सगळं. पण नवीन जोडपं येतं, आपली साइट उघडतं आणि बघतं काय, तर रिकामी घरं! पहिल्याच दिवशी घाबरवायचं का त्यांना?”

“घाबरवत नाही. इथे कोण राहून गेलं, ते सांगतो. ताई, शिंपी आधी माप घेतो आणि मग कापड कापतो. तुम्ही सदरा शिवून आणलाय आणि आता माझा हात कापताय.”

“अहो, पाचही ब्लॉग एका थीममध्ये हवेत, असा ठराव झालाय. जुनी साइट तीस तारखेला बंद होतेय. तुम्ही नाही म्हणालात, तर तुमच्या सगळ्या नोंदी जातील.”

“जाणार नाहीत. मी नेईन.”

“एकटे?”

“काढल्या एकट्यानेच होत्या.”

“मग यादीतून नाव काढावं लागेल.”

“अवश्य काढा. त्याबरोबर हे कापलेलं चित्रही काढा. आत्ता, माझ्यासमोर.”

श्रीहर्षने नीलांबरीताईंकडे पाहिले, त्यांनी मान डोलावली आणि पाचवा चौकोन कोरा झाला. सतीशरावांनी तो कोरा झाल्याची खात्री करून घेतली आणि मगच ते उठले.

पुढचे तीन आठवडे ते स्वतःच्या वेगळ्या ब्लॉगसाठी थीम, म्हणजे पानाचा तयार साचा, निवडीत होते. एकेचाळीस पाहिल्या, प्रत्येकीचा दोष वहीत टिपला. एकीत छायाचित्रे आपोआप सरकत. ‘मी पाहून होण्याआधी पान उलटणारी तू कोण?’ असे त्यांनी तिच्यापुढे लिहिले. एक काळीभोर होती, तिच्यात पांढऱ्या भिंती दिव्यासारख्या पेटत. एक मजकूर इतका फिका करी, की तो लिहिल्याबद्दल क्षमा मागितल्यासारखे वाटे. बेचाळिसावी जुनी होती, लेखकांसाठी केलेली आणि आता कोणी न वापरणारी. पांढरे पान, एकच स्तंभ. चित्र पूर्ण रुंदीचे आणि खाली ठसठशीत अक्षरे. त्यांनी ती घेतली आणि नोंदी एकेक करून हलवू लागले. पंचवीस तारखेपर्यंत जेमतेम साठ झाल्या.

त्या संध्याकाळी श्रीहर्षचा फोन आला. “काका, सगळ्या नोंदींची एकच फाइल काढून देतो. पण ताईंना सांगू नका हं.”

“मजकूर शाबूत राहील?”

“अक्षर न् अक्षर.”

“मग पाठवा. आणि ताईंनी विचारलं, तर मी सांगणार. खोटं मला जमत नाही.”

“सांगा,” श्रीहर्ष हसला. “बोलणी खाईन मी.”

एकोणतीस तारखेला सकाळी सतीशराव टिलबर्गला गेले. नीलिमा आठ वर्षांचे घर सोडत होती. नवरा अजित आधीच पुण्याला गेला होता. अकरा वाजता किल्ली घ्यायला माणूस येणार होता. दहा वर्षांची स्वानंदी खाली मैत्रिणींचा निरोप घेत होती आणि ‘आई, फोटोत मी नको’ असे तिने डचमध्ये निक्षून सांगितले होते.

“कुठे उभी राहू, काका? मधोमध?”

“रोज कुठे उभ्या राहायच्या?”

नीलिमा थोडा वेळ गोंधळली. मग उघड्या काँक्रीटवरून चालत ती अगदी उजव्या टोकाच्या खिडकीशी गेली. “इथे. स्वानंदीची सायकल वळणावर दिसेपर्यंत.” तिने काचेला हात लावला. “पण मी फारच कडेला गेले ना? फोटोत येईन का?”

“याल,” सतीशराव म्हणाले. “हलू नका.”

परतीच्या गाडीत त्यांनी दोनशे तेरावी नोंद चढवली आणि फोनवर पाहिली. त्या अरुंद पडद्यावर नीलिमा तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती. बाकी सगळी भिंत होती. त्यांनी बोटांनी नीलिमाला मोठे करून पाहिले नाही. खाली तीन ओळी होत्या:

नीलिमा, पुणे.
आठ वर्षे, दोन महिने.
कुकर शेजारच्या नव्या जोडप्याकडे, सायकल स्वानंदीच्या मैत्रिणीकडे. पडदे कोणाच्याच खिडकीला बसले नाहीत.