लाल रेघेखाली

रज्जाकनं वजू करून टोपी घातली आणि मोबाईल फरीदापुढं धरला. तिनं कणकेचे हात पदराला पुसले.

"ही लाल रेघ दिसती ना? भाव इथं टेकला की हे बटन दाबायचं. विचार करत बसायचं न्हाई."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय त्यात! जुम्म्याची नमाज पढून आलोच मी."

एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून रज्जाक सावेडीतल्या क्लासला शेअर बाजाराचे चार्ट वाचायला शिकत होता. शिकावं की, कोण नको म्हणतंय! पण गड्यानं दोघांच्या हजसाठी साठवलेले सगळे पैसे एकाच कंपनीत घातले. दारूची नको, व्याजाची नको, म्हणून निवडून घेतलेली कंपनी. आता ती घसरत होती. रेघेपाशी विकलं, तर थोडं सोसून का होईना, दोघांचं जाणं होणार होतं. भाव रेघेवर आला की आपोआप विकलं जाईल, अशी ऑर्डर आधीच लावून ठेवा, असं सर घसा कोरडा करून सांगायचे. पण लावलेली ऑर्डर बड्या लोकांना दिसते आणि ते मुद्दाम भाव पाडतात, असं कुणीतरी रज्जाकच्या डोक्यात भरवलं होतं.

भाव रेघेवर आला. फरीदाचा अंगठा बटनापाशी जाऊन अडला. या अल्ला, एवढ्या वर्षांचं साठवलेलं आपल्याच हातानं कमी करायचं? थांबू जरा. मशिदीत खुतब्याचं प्रवचन चालू असेल, दुवा मागायला वेळ चांगली आहे. भाव चिमूटभर वर आलाही. तिला हायसं वाटलं. मग तो जो घसरला, तो थांबेचना.

रज्जाकनं चपला काढायच्या आधीच तिचं तोंड बघितलं.

"विकलं न्हाई?"

"मला वाटलं, तुमी तिकडं दुवा मागत असाल, येईल वर." तिला रडू फुटलं. "बोला मला काय बोलायचं ते."

तो उंबऱ्यातच बसला.

"काय बोलू? मी पण तिथं तेच मागत हुतो. तू दाबू नयेस म्हणून." टोपी काढत तो म्हणाला, "माझ्या हातून झालं नसतं, म्हणून तर तुझ्याकडं देऊन गेलो."

फरीदानं डोळे पुसले आणि मोबाईल त्याच्यापुढं धरला.

"आता दाबा."

त्यानं दोन्ही हात कुर्त्याच्या खिशात घातले.

"सोमवारी येईल वर. चार्टमध्ये तसं दिसतंय."

मोबाईलकडं त्यानं बघितलंही नव्हतं.

फरीदानं बटन दाबलं. आलेली रक्कम तिनं वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

"एकाचं होईल," ती म्हणाली. "तुमी जाऊन या."

"न्हाई, न्हाई," रज्जाक म्हणाला. "तुझ्याशिवाय कसा जाऊ?"

पण ते म्हणायला त्याला जरा उशीरच झाला.