दोन वेढे

तेलगावच्या गॅरेजात परमेश्वर अमरसिंहाच्या जुन्या विलायती दोनसीटरखाली आडवा पडला होता.

“पुढच्या स्प्रिंगचे दोन वेढे काप. गाडीचं नाक जमिनीला टेकल्यागत दिसाय पायजे,” अमरसिंह डोक्याशी उभा राहून म्हणाला.

“एकच कापतो, दादा. तुमच्या फाटकापुढचा ब्रेकर लई उंच हाय.”

“मेंढरं वळणाऱ्याच्या पोरानं मला गाडी शिकवू नये. काप बे!”

परमेश्वरानं दात आवळले. बंगल्यावरनं कुणी ताठ मानेनं जाऊ नये, म्हणून अमरसिंहानं स्वतः उभं राहून तो वीतभर उंच ब्रेकर घालून घेतला होता. त्याच्यावर आदळून परमेश्वराचा बाप म्हाळू मोटारसायकलवरनं पडला, हात मोडला. तेव्हा अमरसिंह फाटकातनं हसला होता, “म्हाळ्या, हळू चालवाय काय होतं?”

परमेश्वरानं मोजून दोन वेढे कापले आणि गाडी हवाली केली.

अर्ध्या तासात फोन वाजला. अमरसिंह किंचाळत होता, “ब्रेकरवर इंजिनाचं चेंबर फुटलं! सगळं ऑइल रस्त्यावर आलं! गावातली माणसं दात काढायलीत! कशानं झालं हे?”

परमेश्वरानं हात पुसले.

“दादा,” तो म्हणाला, “हळू चालवाय काय होतं?”