दहापैकी दोन

"काका, दहापैकी किती दुखतंय?" सिस्टरने विचारलं.

"दोन," मी म्हणालो.

चक्क थाप. श्वास घेतला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. फुप्फुसाचा तुकडा काढलाय, बरगड्यांमधून नळी बाहेर आलीय, दोन कसं असेल? पण आठ म्हटलं की हे लोक अफूच्या जातीतलं औषध टोचणार, आणि त्यानेच माझ्या थोरल्या भावाचा घास घेतला. दादाचंही छातीचंच ऑपरेशन होतं. जखम भरली, गोळ्या काही सुटल्या नाहीत. शेवटी शेवटी तो वहिनीलाही ओळखेना.

म्हणून मी आधीच डॉक्टरांना बजावलं होतं. ते म्हणाले, होईल तेवढं टाळू. पाठीत बारीक नळी ठेवून तेवढाच भाग बधिर करू, जोडीला साध्या गोळ्या. मग एवढं दुखतंय कसं? विचारायची सोय नव्हती. विचारलं की खरा आकडा सांगणं आलं.

"दोनच ना? मग खोका बघू जोरात."

बाई वस्ताद होती. खोकलो नाही तर कफ साचणार, न्यूमोनिया होणार, हे तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. मी उशी छातीशी आवळली. घशातून नुसती फुसकी हवा निघाली. खोकावं तर जीव जातोय, न खोकावं तरी जाणारच. आणि तोंड उघडलं तर दादाच्या वाटेवर. रागाने मी भिंतीकडे बघत बसलो.

बायको शेजारीच बसली होती. आता तिचा पारा चढला.

"लिफ्ट दुरुस्त करता ना तुम्ही? अडकलेली माणसं घंटी दाबायची सोडून दार ओढत बसतात म्हणून रोज घरी येऊन कोण कटकट करतं? दाबा की घंटी."

तिने मला सावरायला पाठीमागे हात घातला आणि थबकली. "हे ओलं कसलं?"

"घाम असेल."

घाम कसला. पाठीतली नळी जोडावरून निसटली होती. सकाळपासून सगळं औषध गादीत मुरत होतं. मी बिचारा दोन दोन करत होतो आणि बधिर होत होती गादी. हसू आलं, आणि हसताना असली कळ आली की मी ढसाढसा रडलो.

"नऊ," मी म्हणालो. "नऊ आहे हो."

डॉक्टर आले. नळी नवीन घालावी लागेल, परिणाम व्हायला वेळ लागेल. खोकला मात्र आत्ताच हवा. तेवढ्यापुरता त्या अफूवाल्या औषधाचा एक छोटा डोस घ्याल का, त्यांनी विचारलं. घरी एकही गोळी देणार नाही म्हणाले. मी बायकोकडे पाहिलं. तिने माझा हात घट्ट धरला. मी मान डोलावली.

सुई टोचली. थोड्या वेळाने कुणीतरी छातीवरची शिळा उचलून नेली. मी खोकलो, पोटातून, पुन्हा पुन्हा, कफ सुटेपर्यंत. आणि मग जे बरं वाटलं ना, ते आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दादालाही असंच वाटलं असणार. त्याला दुबळा म्हणायचो मी.

"आता किती?" सिस्टरने विचारलं.

"तीन. खरंच तीन," मी म्हणालो. "पण पाठीतली नळी लवकर घाला. मला हे फार आवडलंय."