शेवटची शिफारस

दोन वर्षं अरवा दक्षिणेकडच्या विहिरींचं विषारी पाणी तपासत हिंडली, आणि अहवालावर नाव लागलं संचालक मोंजीचं. आयत्या बिळावर नागोबा. संस्थेतल्या ज्येष्ठ संशोधक सलूहाताईंचं कामही त्यानं पूर्वी असंच गिळलं होतं.

"रडू नकोस," त्या अरवाला म्हणाल्या. "तो मुखपृष्ठाच्या पुढे वाचत नाही, आणि मंत्री शिफारशींशिवाय काही वाचत नाहीत. शेवटी एक शिफारस वाढव."

राजधानी ट्युनिसमधल्या सभेत मंत्र्यांनी ती मोठ्यानं वाचली, "विहिरी शुद्ध होईपर्यंत अहवालाचे लेखक तेच पाणी रोज पितील." टाळ्या थांबेनात. मंत्र्यांनी शुद्धीकरणाच्या आदेशावर तिथंच सही केली.

मोंजी पांढराफटक पडला. "हा अभ्यास... म्हणजे खरं तर..."

सलूहाताईंनी विहिरीच्या पाण्याची बाटली उघडली. "लेखक तुम्हीच ना, साहेब?"