आईचा दहावा आणि माझं तोंड

अंबरनाथचे कावळे माझं तोंड ओळखतात. फेकत नाय, यावर युनिव्हर्सिटीत अभ्यास चाललाय.

अभ्यास करते माझी पुतणी हिमानी. मोठ्या भावाची, हेमंतदादाची मुलगी. प्राणी कसे वागतात, त्यांना त्रास कशाने होतो, ते टिकावेत म्हणून माणसाने काय करायचं, यात ती एमएससी करते. आमच्या खानदानात प्राण्यांचा अभ्यास आतापर्यंत गटारीच्या कोंबडीच्या पुढे गेलेला नव्हता.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात शिवमंदिराजवळच्या आमच्या घरासमोर बदामाच्या झाडावरून कावळ्याचं पिल्लू पडलं. हिमानी म्हणाली, काका, मांजर नेईल, उचलून पत्र्यावर ठेवा. स्वतः मात्र हेल्मेट घालून लांब उभी. तेव्हाच डोक्यात लाईट पेटायला पाहिजे होती. मी निघालो पुण्य कमवायला. पिल्लू माझ्या हातात, आणि वर त्याचे आईबाप बघतायत. त्यांच्या लेखी मी किडनॅपर. त्या दिवसापासून मी गल्लीत पाय टाकला की बोंबाबोंब आणि डोक्यावर टपल्या. पिल्लू मस्त मोठं झालं, उडायला लागलं. आता तेपण मला शिव्या देतं.

हिमानी खूश. तिला प्रोजेक्ट मिळाला. तिने मला गॉगल घालून चालवलं, मफलर गुंडाळून चालवलं, एकदा बायकोची, म्हणजे रविनाची, ओढणी घेऊन चालवलं. कावळे ओळखायचेच. वर ज्यांनी ती भानगड बघितलीच नव्हती, ते कावळेपण बाकीच्यांचं बघून माझ्यावर ओरडायला शिकले. हिमानीच्या भाषेत मी म्हणजे स्टिम्युलस, कावळ्यांना चाळवणारी वस्तू. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये माझं मोबाइल कव्हरचं दुकान आहे. शेजारच्या सिंधी दुकानदाराला मी कॉलर ताठ करून सांगितलं, साईं, माझ्यावर रिसर्च चालू आहे. तो म्हणाला, "कौनसी बीमारी का?"

असो. घरात मात्र वेगळंच पेटलेलं. दुसऱ्या वर्षाला हिमानीला बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर काही महिने राहायचं होतं. शहरातला कावळा आणि जंगलातला कावळा, दोघांच्या वागण्यात काय फरक पडतो, ते बघायला. ते केलं नाही तर डिग्री लटकली. दादा ऐकेना. त्याला बदलापूरचं एक स्थळ भारी आवडलेलं. मुलगा चांगला, वेस्टला फ्लॅट, फक्त त्यांना लग्न लगेच पाहिजे होतं. आमची आई हिमानीच्या बाजूने. ती म्हणायची, पोरीला कावळ्यावर शिकू दे नाहीतर हत्तीवर, पण शिकणं पुरं करू दे. आई असेपर्यंत दादाचं काही चाललं नाही. मग आई गेली. आणि दादा म्हणाला, दहावा झाला की बदलापूरला होकार कळवतो.

तर दहाव्याच्या सकाळी आम्ही सगळे वालधुनी नदीच्या काठच्या शेडवर. न्हाव्याने आम्हा दोघा भावांचं डोकं साफ केलं. मला वाटलं, चला, आता तरी कावळे चकतील. केस नाहीत, मिशी नाही, आरशात मी मला ओळखलं नसतं. शेडच्या बाहेर पाऊल टाकलं आणि पिंपळावरून सगळे एका सुरात सुरू. हिमानी रडत होती, ती रडता रडता थांबली. नाक पुसत माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, केस नसतानापण ओळखतात, काका. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्यातून आनंद बाहेर येत होता. असं ध्यान आहे ते.

गुरुजींनी पिंड मांडले. आम्ही सगळे मागे सरकून हात जोडून उभे. कावळा शिवला म्हणजे आई तृप्त. नाही शिवला, म्हणजे तिचं काहीतरी राहिलंय, मग आपण ते पुरं करतो म्हणून सांगायचं. कावळे पिंपळावर बसून माझ्याकडे बघत होते. खाली एकपण येईना.

हिमानी हळूच म्हणाली, "काका, तुमच्यामुळे येत नाहीत. जरा लांब जा ना."

मी निघणारच होतो. खरंच. पण तेवढ्यात दादाने आईला शब्द द्यायला सुरुवात केली. आई, आम्ही भाऊ कधी भांडणार नाही. कावळा ढिम्म. दादाचा चेहरा उतरला. आणि माझ्या टकलात वीज चमकली. मी इथे उभा आहे तोवर कावळा येत नाही. मी गेलो की येणार. म्हणजे आई कशाला हो म्हणते, ते आज माझ्या पायात होतं.

मी पाय रोवले.

हिमानीने माझा सदरा ओढला. मी डोळे मिटून हात जोडले, एकदम भक्तिभावात. मग भाचा चेतन पुढे झाला. आजी, मी गुटखा सोडला. कावळा नाही. वहिनी, म्हणजे हिमानीची आई रंजना, म्हणाली, तुमची तुळस वाळू देणार नाही. कावळा नाही. मग माझी रविना पुढे झाली, चांगला मोठा आवाज लावून म्हणाली, "आई, हे टवाळक्या सोडतील. मी जातीने लक्ष ठेवीन." यावर मी मरेस्तोवर हललो नसतो. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, जसं काय मीच कावळा अडवून धरलाय.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. त्यांना पुढे बदलापुरात आणखी एक दहावा होता. त्यांनी दर्भ हातात घेतला. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात, झालं काम. म्हणजे माझी बोंब. मग कोण कशाला शब्द देतोय?

तेवढ्यात दादाने घसा साफ केला. "आई, हिमानीची काळजी करू नकोस. बदलापूरच्या घरी तिचं लग्न लावून देतो."

आणि काय सांगू, तेव्हाच नदीच्या बाजूने एक कावळा खाली उतरला. दुसऱ्या एरियाचा असणार, नाहीतर मी मान खाली घालून होतो म्हणून त्याला माझं थोबाड दिसलं नसणार. टुणटुण करत तो पिंडाच्या दिशेने निघाला. हिमानी पांढरी पडली. तिला ठाऊक होतं की हा कावळा फक्त भुकेला आहे, पण ते दादाला कोण समजावणार?

मी तोंड वर केलं. एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच्याकडे रोखून बघितलं, उपाशी मांजर बघतं तसं. पिंपळावरच्यांनी हल्लकल्लोळ केला. पाहुणा दचकला, उडाला, थेट पलीकडच्या काठावर.

इतका वेळ कावळा नुसता येत नव्हता, आता येऊन परत गेला होता. दादाला मोठा धक्का होता तो. गुरुजी दर्भाला गाठ मारायला लागले.

वहिनी सगळ्यांसमोर कधी बोलत नाही. ती दादाला म्हणाली, "अहो, आईंना काय हवं होतं, ते तुम्हाला माहीत आहे."

दादाने पिंडाकडे बघितलं. मग लहान मुलासारखा म्हणाला, "आई, शिकू देतो तिला. पाड्यावर राहू देतो. लग्नाचं तिचं शिकून झाल्यावर, ती म्हणेल तेव्हा."

मी पोट धरलं आणि सुटलो. रविना मागून म्हणाली, आत्ता कुठे चाललात? पण मी थांबतोय कशाला. शेडच्या मागे गेलो, तर तिथूनपण पिंपळाला मी दिसत होतो. एक कावळा फांदीवर वाकून मला शोधत होता. मग सरळ सार्वजनिक संडासात शिरलो आणि आतून कडी लावली.

आत वास असा की डोळ्यांतून पाणी. बाहेर सगळं शांत झालं. मी कान लावून उभा. ये रे बाबा. गुरुजींची गाठ व्हायच्या आत ये. आणि एकदम गलका झाला. शिवला, शिवला. वहिनीचा हुंदका ऐकू आला. मला हसू फुटलं, आणि हसता हसता वाटलं, आईच्या पिंडाला कावळा शिवला आणि धाकटा मुलगा संडासात. तिला सांगितलं असतं तर पदर तोंडाला लावून हसली असती. ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो, ते तिथे जमलं. वास होताच सोबतीला.

बाहेर आलो तर हिमानी कमरेवर हात ठेवून उभी.

"काका, हे चीटिंग आहे."

मी म्हणालो, मी कुठे काय केलं, मी तर स्टिम्युलस.

ती हसली नाही. तिच्या अभ्यासात खोटं चालत नाही म्हणे, आणि आजीच्या बाबतीत तर मुळीच नाही. मी हातापाया पडलो, अगं तुझाच फायदा आहे, गप बस. पण ती सरळ दादासमोर जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं. पिल्लू, हेल्मेट, कावळे चेहरा कसा लक्षात ठेवतात, काका उभे होते म्हणून येत नव्हते, काका गेले म्हणून आले. मी चेतनच्या मागे लपायला बघत होतो.

दादाने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हा गेल्यावर कावळा आला?"

"हो, पप्पा."

"आणि नेमका मी तुझ्या शिकण्याचं बोललो, तेव्हा हा गेला."

"हो. मुद्दाम गेले."

"बरोबर," दादा म्हणाला. "आता मला सांग, या गाढवाला नेमकं तेव्हा जायची बुद्धी कोणी दिली?"

हिमानीच्या सिलॅबसमध्ये हे नसावं. मी काही बोलणार होतो, पण दादा माझ्याकडे मायेने बघत होता. खरं सांगायचं तर मलाच नक्की सांगता येईना.

दादाने तिथेच, ओल्या धोतरावर, बदलापूरला फोन लावला. माफ करा म्हणाला, जमणार नाही. पलीकडून कारण विचारलं असणार.

"आमच्या आईचा नकार आहे," दादा म्हणाला.

पलीकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं, आणि दादा अगदी सहज म्हणाला, "हो, वारली ना. पण आत्ताच कळवलं तिने."