शेफालीचा पान्हा

प्रेमचा खालचा जबडा जन्मापासून पुढं होता. भाकरीचा तुकडा त्यानं खालच्या दातांवर ठेवला, की वरच्या दातांना तिथवर पोचायला प्रवास करावा लागायचा. शेवटी पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जबडा कापून मागं सरकवला, पट्ट्या-स्क्रू बसवले, वरचे आणि खालचे दात रबरांनी एकमेकांना बांधले आणि त्याला उत्रोलीला घरी पाठवलं. सूज येईल, खालचा ओठ बधिर राहील, बरेच दिवस पातळच खावं लागेल, हे सगळं त्यांनी नीट समजावलं होतं. म्हशीबद्दल ते काही बोलले नव्हते.

म्हशीचं नाव शेफाली. नाव प्रेमनंच ठेवलेलं. ते त्याला कुठून सुचलं, हे बायकोनं, म्हणजे रश्मीनं, कधी विचारलं नाही. त्याच्या कॉलेजचा ग्रुप फोटो, खालच्या नावांसकट, तिनं पाहिला होता.

शेफाली धार द्यायची ती फक्त प्रेमला. तो जीभ टाळूला लावून चुचकारायचा, ती डोळे मिटायची आणि पान्हवायची. रश्मी खाली बसली तर बादली लाथाडायची. प्रेम वरवर म्हशीवर ओरडायचा, पण आतून त्याला फार बरं वाटायचं. त्यामुळं पुण्याला जाताना त्याला एकच घोर होता, की आपल्यावाचून ही आटणार.

ती आटली नाही. किकवीहून रश्मीचा धाकटा भाऊ इंद्रजित मदतीला आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं बादली भरून आणली. तिनं दोन दिवस तरी अडवायला हवं होतं, असं प्रेमला वाटलं. निदान रीत म्हणून.

त्याची खाट पडवीत होती आणि भिंतीपलीकडं गोठा. धार वाजायला लागली की तो उशी कानावर दाबायचा. मग उशी काढून ऐकायचा. थोड्या वेळानं तेच दूध रश्मी सिरिंजमध्ये भरून घेऊन यायची.

"त्याच्या हातचं नको," एकदा तो बांधलेल्या दातांमधून म्हणाला.

"मग मटन आनू का? चावून दाखवा."

संध्याकाळपर्यंत त्यानं तग धरला, मग प्यायला. दूध चांगलं दाट होतं. तेच त्याला जास्त लागलं.

चालण्याफिरण्याची परवानगी मिळाल्यावर तो बादली घेऊन पहिल्यांदा गोठ्यात गेला. शेफालीनं त्याला हुंगलं आणि दोर ताणून मागं सरली. त्यानं चुचकारायचा प्रयत्न केला, पण बधिर ओठातून नुसती हवा आली आणि तिच्या मागून लाळ. शेफालीनं बादली लाथाडली. रश्मीसाठी लाथाडायची अगदी तशीच.

"दाजी, जरा सरा," दारातून इंद्रजित म्हणाला. "तुमी आजारी मानूस."

"तू आजच्या आज किकवीला जा," प्रेम म्हणाला. बाहेर पडले ते नुसते हुंकार.

"काय म्हनत्यात गं, ताई?"

"अजून आठ दिस ऱ्हा म्हनत्यात," त्याच्या मागं येऊन उभी राहिलेली रश्मी म्हणाली.

"ऱ्हातो की."

इंद्रजित खाली बसला आणि धार वाजायला लागली. तो चुचकारतही नव्हता. प्रेमनं मोबाईलवर लिहून त्याच्या नाकासमोर धरलं: हिला काय केलंस?

"म्या काय करनार? म्या नुसता बसतो. तिचं समदं ध्यान तिकडं असतंय." त्यानं हनुवटीनं समोर दाखवलं.

समोर, वारं अडवायला, त्यानं एक फ्लेक्स बांधला होता. प्रेमच्या गेल्या वाढदिवसाला पोरांनी फाट्यावर लावलेला. त्यावर गॉगल घातलेला प्रेम, बाजूनं काढलेला फोटो, जबडा जुना, आणि म्हशीच्या डोक्याएवढा मोठा. शेफाली मान लांब करून त्या जबड्यालाच चाटत होती. चाटून चाटून तिथला रंग गेला होता.

ज्या जबड्यापायी त्यानं दोन वर्षं दातांना तारा लावून घेतल्या, तो इथं मजेत होता. इंद्रजितचा हेवा निदान चारचौघांत सांगता आला असता. हा कुणाला सांगणार? प्रेमनं भराभर गाठी सोडल्या आणि फ्लेक्स गुंडाळून खाटेखाली टाकला.

संध्याकाळी शेफालीनं दूध चोरलं. इंद्रजितलाही थेंब दिला नाही. सकाळीही नाही.

"कास दगडावानी झालीया," रश्मी म्हणाली. "लावा तो बोर्ड. का आता तुमच्याच तोंडाशी भांडनार हाय तुमी?"

प्रेम तेच करत होता. पण शेफाली ठणकत उभी होती, रेडकू ओरडत होतं. त्यानं फ्लेक्स काढला, खाटेवर अंथरला आणि कात्री, दाभण, सुतळी घेऊन बसला. भूल द्यायची गरज नव्हती. जबड्याची उभी पट्टी कापली, उरलेला भाग मागं सरकवला आणि सुतळीनं शिवून टाकला. पुण्याच्या डॉक्टरांपेक्षा काम लवकर उरकलं, आणि रोग्याला सूजही आली नाही.

फ्लेक्स परत बांधला. प्रेम त्याच्या खालीच, शेफालीला दोघांची तोंडं एकदम दिसतील असा उभा राहिला. ती रवंथ थांबवून फ्लेक्सकडं बघत राहिली. मग प्रेमकडं. मग पुन्हा फ्लेक्सकडं. शिवलेल्या जागी तिनं जीभ लावली, सुतळीची चव घेतली. मान खाली करून प्रेमचा सुजलेला गालही एकदा चाटला. गाल बधिर असल्यामुळं ते त्याला कळलं नाही, रश्मीनं सांगितलं.

तो खाली बसला. कास सैल झाली आणि बादली वाजायला लागली.

"बघितलंस?" प्रेम रबरांतून म्हणाला. "माझ्यासाठी पान्हवली."

हे इंद्रजितला नीट कळलं. तो दाराला टेकून बराच वेळ फ्लेक्स न्याहाळत होता.

"व्हय," तो म्हणाला. "पन दाजी, खरं सांगू का? तुमच्यापरीस त्याचं ऑपरेशन चांगलं झालंय."

प्रेमनं धार काढता काढता वर बघितलं. खरंच झालं होतं.